वहीचे पान

व्यापारी घरात शेवटाला फार मान असतो. दिवसाचा शेवट रोजमेळ जुळल्यावर होतो. वर्षाचा शेवट दिवाळीच्या वहीपूजनाने किंवा मार्चअखेरच्या ताळेबंदाने होतो. मधल्या काळात कितीही ओढाताण होवो, अखेरीस जमा आणि नावे या दोन्ही बाजू सारख्या आल्या की मुनीमजी चष्मा काढून डोळे चोळतात आणि पेढीवरचा दिवा मालवला जातो. अशा घरात वाढलेल्या एका तरुणाला त्याच्या आवडत्या मालिकेचा शेवट पूर्ण जुळलेला वाटला आणि तरीही तो त्याच्या मनाला लागून राहिला. त्याचे कारण मालिकेत जितके होते, तितकेच ते घरातही होते.

हे घर सेलूचे म्हणा, मानवतचे म्हणा किंवा जिंतूरचे. परभणी जिल्ह्यातील कोणत्याही पेठेत शोभेल असे ते आहे. खाली कापूस-सोयाबीनच्या आडतीची पेढी, वर राहते घर आणि त्यावर पत्र्याची शेड घातलेली गच्ची. घरातील नातू पुण्यात सी.ए.चे शिक्षण घेत होता. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, परीक्षा पुढे ढकलली गेली आणि तो घरी परतला. सकाळी अभ्यास, दुपारी पेढीवर थोडी मदत आणि रात्री गच्चीवर मोबाईल, असा त्याचा क्रम सुरू झाला. त्या मोबाईलवर तो एका तारखेची वाट पाहत होता. ती तारीख होती २७ जून २०२०.

त्या दिवशी ‘डार्क’ या जर्मन मालिकेचे तिसरे आणि अखेरचे पर्व नेटफ्लिक्सवर आले. बारान बो ओडार आणि यान्त्ये फ्रीझे या दोघांनी निर्माण केलेली ही मालिका १ डिसेंबर २०१७ रोजी सुरू झाली. दुसरे पर्व २१ जून २०१९ रोजी आले. तीन पर्वे मिळून भाग अवघे २६. दूरचित्रवाणीवरील कौटुंबिक मालिका वर्षानुवर्षे चालत राहतात आणि शेवटी कोण कोणाचे कोण हेच प्रेक्षक विसरतो. येथे मात्र तीन पर्वांत गोष्ट संपवायची हे कर्त्यांनी ठरवले होते आणि ते त्यांनी पाळले. अखेरच्या पर्वाची तारीखही सहज निवडलेली नव्हती. कथेमध्ये ज्या दिवशी त्या गावाचा सर्वनाश होतो, तोच हा दिवस.

ही मालिका मुलांनी पाहण्यासारखी नाही. तिच्यात हिंसा आहे, आत्महत्या आहे आणि प्रौढ विषय आहेत. मात्र तिच्या मुळाशी असलेला प्रश्न कोणत्याही घराला विचारता येईल असा आहे. जे घडून गेले, ते घडले नसते तर? या प्रश्नाचे उत्तर मालिका अगदी शेवटी देते आणि त्या उत्तराचीच येथे चर्चा आहे. ज्यांना मालिका आधी पाहायची असेल, त्यांनी हा लेख नंतर वाचावा.

विंडन नावाच्या कल्पित जर्मन गावात अणुवीज केंद्र आहे आणि जवळच्या जंगलात एक गुहा आहे. गुहेतील भुयारातून माणूस ३३ वर्षे मागे किंवा पुढे जातो. १९५३, १९८६ आणि २०१९ ही साले अशी एकमेकांना जोडलेली आहेत. अकरा वर्षांचा मिकेल २०१९ मध्ये गुहेजवळ हरवतो आणि १९८६ मध्ये बाहेर पडतो. परतीची वाट त्याला सापडत नाही. तो तेथेच दुसऱ्या नावाने वाढतो, संसार करतो आणि त्याला मुलगा होतो. त्या मुलाचे नाव योनास. मिकेल हरवला त्या रात्री त्याच्याबरोबर जंगलात गेलेल्या तरुणांपैकीच हा एक. आपल्या मित्रमंडळींतील धाकटे पोर हे आपले वडील आहेत, हे योनासला कळते आणि त्याच क्षणी तो पेचात सापडतो. मिकेलला परत आणले तर रडणाऱ्या आईला तिचे मूल मिळेल. पण मग योनास जन्मालाच येणार नाही.

नातवाने ही कथा आजोबांना सांगायला सुरुवात केली ती केवळ वेळ जावा म्हणून. सूर्यास्तापूर्वी जेवण व्हायचे, मग आजोबांचे सामायिक, आणि त्यानंतर झोप येईपर्यंतचा वेळ मोकळाच असायचा. मंदिरे बंद, बाजार अर्धवट, येणेजाणे थांबलेले. आजोबांना जर्मन भाषा समजण्याचा प्रश्न नव्हता आणि इंग्रजी अक्षरे पडद्यावर पळत जाताना वाचणे त्यांच्या डोळ्यांना जमणारे नव्हते. म्हणून नातू सांगायचा आणि ते ऐकायचे. नात्यांचा गुंता आला की ते पेन्सिल मागवून जुन्या बिलाच्या पाठीवर वंशावळ काढायचे. एक आई आणि एक मुलगी या मालिकेत परस्परांच्याच आई आणि मुलगी आहेत, हे कळल्यावर त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि खूप दिवसांनी मोकळेपणाने हसले.

तेहतीस वर्षांचे गणित मात्र त्यांना लगेच पटले. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सौरवर्ष ३६५ दिवसांचे. दरसाल साधारण ११ दिवसांची तूट पडते आणि ती साचत जाऊन सुमारे ३३ वर्षांत पुऱ्या एका वर्षाएवढी होते. म्हणूनच मोहरम कधी भर उन्हाळ्यात येतो, तर कधी थंडीत. आपल्या पंचांगाने ही तूट साचू दिली नाही. साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक महिना घालून ती फेडत राहिले, आणि म्हणून दिवाळी नेहमी कापूस वेचणीच्या दिवसांतच येते. त्याच २०२० सालात अधिक आश्विन येणार होता. “तुमच्या जर्मन लोकांनी अधिक मास धरला असता, तर एवढा घोटाळा झाला नसता,” असे आजोबा म्हणाले.

पहिली दोन पर्वे सांगून होईपर्यंत त्यांना या गोष्टीत रस निर्माण झाला होता, कारण तिच्यातील काळ त्यांना अनोळखी नव्हता. ‘डार्क’मधील घटनांना आरंभ नाही. भविष्यातील कृती भूतकाळाला जन्म देते आणि भूतकाळ पुन्हा त्या भविष्याला. एक पुस्तक तर असे आहे की ते मुळात कोणी लिहिले हेच सांगता येत नाही. पाश्चात्त्य प्रेक्षकाला हा मोठा चमत्कार वाटतो. जैन घरात मात्र जग अनादी आहे, ते कोणी निर्माण केलेले नाही, उत्सर्पिणी आणि अवसर्पिणी यांचे चक्र एकामागून एक फिरत राहते, हे मूल पाठशाळेतच ऐकते. फरक होता तो दुसऱ्या ठिकाणी आणि आजोबांनी तो नेमका पकडला. आपले कालचक्र प्रत्येक आऱ्याची परिस्थिती ठरवते. त्या परिस्थितीत कोणी काय करायचे, हे ठरवत नाही. विंडनमधील माणसे मात्र प्रत्येक फेरीत तीच चूक, त्याच दिवशी, त्याच शब्दांत करतात. तेथे चक्र फिरते, पण पुरुषार्थाला जागा नाही. “मग तो पोरगा एवढी धडपड कशाला करतो?” असे त्यांनी विचारले. नातू म्हणाला, “तेच शेवटच्या पर्वात कळणार आहे.”

शेवटचे पर्व आले आणि नातवाने त्याचे आठ भाग दोन रात्रींत पाहून संपवले. तिसऱ्या दिवशी तो सकाळपासून गप्प होता. आजोबांनी विचारले, तेव्हा तो एवढेच म्हणाला, “हिशोब जुळला, आजोबा. पण मला आवडला की नाही, ते सांगता येत नाही.”

हिशोब जुळला हे खरेच होते. तिसऱ्या पर्वात कळते की योनासचे जग आणि त्याच्याशी समांतर असलेले मार्था या मुलीचे जग ही दोन्ही मूळ जगे नव्हेत. मूळ जग तिसरेच आहे. त्यात टानहाउस नावाचा घड्याळजी राहतो. १९७१ मध्ये एका रात्री त्याचा मुलगा वडिलांशी भांडून, पत्नी आणि तान्ह्या मुलीला घेऊन मोटारीने निघून जातो आणि अपघातात ते सर्व दगावतात. दुःखाने वेडापिसा झालेला बाप काळ मागे फिरवण्यासाठी यंत्र बनवतो. १९८६ मध्ये तो ते सुरू करतो तेव्हा त्याचे जग दुभंगते आणि त्यातून ती दोन गाठी बसलेली जगे निर्माण होतात. अखेरीस योनास आणि मार्था त्या रात्रीच्या रस्त्यावर पोहोचतात, मोटार अडवतात, आणि मुलगा वडिलांकडे परत येतो. अपघात टळतो, यंत्र बनत नाही. ज्या दोघांनी तो टाळला ते दोघे आणि त्यांची दोन्ही जगे प्रकाशाच्या कणांसारखी विरून जातात. उरलेल्या जगात काही मित्रमंडळी पावसाळी रात्री जेवायला बसलेली दिसतात. त्यांच्यातील हाना गरोदर आहे. येणाऱ्या बाळासाठी तिला योनास हे नाव सुचते आणि तेथे मालिका संपते.

नातवाच्या मनातील जमेची बाजू मोठी होती. पहिल्या पर्वात सोडलेले धागे तिसऱ्यात उचललेले होते. पात्रांवर कोणताही चमत्कार बाहेरून लादलेला नव्हता. सगळ्या अनर्थाचे मूळ एखाद्या दुष्टाच्या कारस्थानात नसून एका बापाच्या न सोसलेल्या दुःखात होते, ही गोष्ट त्याला फार उंचीची वाटली. नाव्याची बाजूही लहान नव्हती. दोन पर्वे ज्या मालिकेने ‘आरंभ नाही’ असे बजावून सांगितले, तिने शेवटच्या घडीला तिसरे जग आणून आरंभ दाखवला. शिवाय अपघात टाळणारे जन्मलेच नाहीत, तर तो टाळला कोणी, हा साधा प्रश्न शिल्लक राहिलाच. आणि सर्वांत मोठी तक्रार अशी की तीन वर्षे ज्यांच्या सुखदुःखात प्रेक्षक गुंतला, ती माणसे एका क्षणात चुकीची नोंद ठरली आणि खोडली गेली.

समांतर जग मराठी वाचकाला नवे नाही. जयंत नारळीकर यांनी १९७४ मध्ये ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पाठवली आणि ती पारितोषिकपात्र ठरली. तेथून त्यांच्या विज्ञानकथालेखनाला सुरुवात झाली. त्यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत इतिहासाचे एक प्राध्यापक अशा जगात जाऊन येतात, जेथे पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. कथेच्या शेवटी पंत स्वतःच्या जगात परततात. येथे पानिपत हरलेलेच असते. ते दुसरे जग मात्र लेखकाने पुसून टाकलेले नाही; ते आपल्याला दिसत नाही, इतकेच. एका जगाच्या सुखासाठी दुसऱ्या जगाचा बळी द्यावा लागत नाही. ‘डार्क’ने नेमका उलटा मार्ग धरला आणि नातवाला तोच बोचला.

तो का बोचला, हे त्या रात्री गच्चीवर उलगडले. नातू शेवट सांगत होता. मुलगा वडिलांशी भांडून मोटारीत बसतो, इथपर्यंत तो आला आणि आजोबांनी हात वर करून त्याला थांबवले. बराच वेळ पत्र्यावरच्या पावसाचाच आवाज येत राहिला. मग त्यांनी जे सांगितले, ते घरात कोणी कधी ऐकले नव्हते.

१९९४ च्या पावसाळ्यात त्यांचे थोरले चिरंजीव वसुलीसाठी नांदेडला गेले होते. परतताना रात्री जीपला अपघात झाला आणि ते गेले, एवढे सर्वांना माहीत होते. माहीत नव्हते ते असे, की त्या संध्याकाळी त्यांनी फोन केला होता. पाऊस फार आहे, मुक्काम करून सकाळी निघतो, असे ते म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी बाजार होता आणि शेतकऱ्यांना रक्कम द्यायची होती. आजोबा फोनवर म्हणाले होते, “आजच ये.” सव्वीस वर्षे हे दोन शब्द त्यांनी कोणाजवळही उच्चारले नव्हते, आजींजवळही नाही.

नातवाला घराचा पुढचा इतिहास ठाऊक होता. धाकटे चिरंजीव, म्हणजे त्याचे वडील, तेव्हा औरंगाबादला पदवी घेऊन बँकेची परीक्षा उत्तीर्ण झाले होते. नेमणुकीचे पत्र यायचे होते. भावाच्या जाण्याने ते गावी परतले आणि पेढीवर बसले. पुढे तीन वर्षांनी जिंतूरकडचे एक स्थळ आले. मुलीच्या वडिलांना गावात राहून व्यवसाय सांभाळणारा जावई हवा होता. ते लग्न झाले आणि त्यातून हा नातू. काकांची जीप त्या रात्री निघाली नसती, तर वडील बँकेच्या कुठल्या तरी शाखेत, कुठल्या तरी शहरात असते आणि हा मुलगा नसताच. योनासचा पेच त्याला परका वाटत नव्हता, तो यामुळे.

त्याने शेवटी विचारलेच, “आजोबा, त्या दोघांसारखे कोणी रस्त्यावर उभे राहून काकांची जीप अडवली असती तर?”

“अडवू दिली असती,” आजोबा म्हणाले. उत्तर द्यायला त्यांना क्षणही लागला नाही.

“आणि मग मी?”

या प्रश्नावर ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने उठून खाली गेले. नातवाला वाटले, आपण विचारायला नको होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेढी उघडण्यापूर्वी त्यांनी नातवाला जुन्या वह्यांच्या कपाटापाशी बोलावले. लाल कापडी बांधणीची १९९४ सालची रोजकीर्द त्यांनी काढून ठेवली होती. त्या दिवसाच्या पानावर चार नोंदी होत्या आणि खाली शिल्लक काढलेली नव्हती. त्यापुढची पाने कोरी. मग एका पानावर वेगळ्याच अक्षरात, जरा कापऱ्या हाताने, ‘मागील शिल्लक’ असे लिहून पुन्हा नोंदी सुरू झाल्या होत्या. ते अक्षर नातवाच्या वडिलांचे होते.

“मुनीमजी म्हणाले होते, ही कोरी पाने काढून टाकू, नवी वही घालू,” आजोबा म्हणाले. “मी नको म्हणालो. वहीचे पान फाडायचे नसते. चुकीची नोंदसुद्धा खोडायची नसते. खाली दुरुस्तीची नोंद घालायची.”

नातू पानाकडे पाहत उभा होता. आजोबा पुढे म्हणाले, “तू काल जे विचारलेस ना, त्याचे उत्तर असे आहे, बाळा. तुझ्या काकांचे खाते वेगळे, तुझे वेगळे. त्यांचे जाणे माझ्या नावे पडले आहे, ते शेवटपर्यंत तसेच राहील. तुझे येणे जमा आहे. एका खात्याची जमा दुसऱ्याच्या नाव्यातून वळती करत नाहीत. ती दोन्ही खाती मी उघडी ठेवली आहेत.”

हिशोबाच्या शास्त्रात उघडे खाते ही उणीव समजली जाते. सी.ए.चा विद्यार्थी असलेल्या नातवाला हे ठाऊक होते. पण ‘डार्क’च्या शेवटाबद्दल त्याला जे बोलता येत नव्हते, ते त्याला या उत्तरात सापडले. टानहाउसला मुलाचे जाणे नावे लिहून पुढे जगता आले नाही, म्हणून त्याने जग दुभंगले. आणि मालिकेने ते दुःख संपवण्यासाठी दोन जगांची पाने फाडली. बाजू जुळल्या, वही स्वच्छ झाली. कथेला हे शोभते आणि पाहणाऱ्याला त्यातून खरा दिलासाही मिळतो, कारण परत आलेल्या मुलाला बाप मिठी मारतो तो क्षण कोणाला नको असतो? परंतु ज्या घरात तो मुलगा परत आला नाही, त्या घराला वेगळ्या रीतीने जगावे लागते. तेथे कोऱ्या पानांनंतर कोणी तरी कापऱ्या हाताने ‘मागील शिल्लक’ लिहितो, आणि त्या शिल्लकीतच पुढचा सगळा व्यवहार होतो.

त्या वर्षी संवत्सरीच्या दिवशी घरातल्या घरातच सर्वांनी परस्परांची क्षमा मागितली. आजोबांनी आजींजवळ त्या फोनचा उल्लेख केला की नाही, हे नातवाला कळले नाही आणि त्याने विचारलेही नाही. त्या दिवसानंतर मात्र काकांचे नाव घरात अधिक सहजपणे घेतले जाऊ लागले, हे त्याच्या आईच्या आधी लक्षात आले.

घरातील तरुण मुले रात्री उशिरापर्यंत मोबाईलमध्ये काय पाहतात, याची तक्रार बहुतेक घरांत असते. ती रास्तही आहे. परंतु काय पाहिलेस, आणि त्याचा शेवट तुला पटला का, एवढे दोन प्रश्न वडीलधाऱ्यांनी विचारले, तर कधी कधी उत्तर मालिकेबद्दल नसते.

दिवाळीत नातू पुण्याला परत निघाला तेव्हा आजोबांनी त्याला पेढीच्या पायरीवर थांबवले. मालिकेत एक पोलीस अधिकारी आहे. त्याच्या एका डोळ्यावर पट्टी असते. ती का, हे प्रत्येक वेळी सांगायला सुरुवात होते आणि काही तरी आडवे येते.

“त्या पोलिसाच्या डोळ्याला काय झाले होते रे?”

“ते शेवटपर्यंत सांगितलेच नाही, आजोबा.”

“मग हिशोब जुळला असे कसे म्हणतोस?” असे म्हणून आजोबा पुन्हा गादीवर जाऊन बसले.